मामांच्या बोटीचा आवाज

मामीचा फोन आला तेव्हा आमची कंपनीची बस चाकणच्या तळेगाव चौकात नेहमीसारखी अडकली होती. मामी फोनवर कधी कशी आहेस, बरी आहेस का, असलं काही विचारत नाही. थेट मुद्द्यावर येते. "बोट वरडतीय," ती म्हणाली, "आन तुझा मामा म्हणतो, न्हाई वरडत. तूच ये आन सांग काय त्ये."

मी म्हणाले, "मामी, मी गाड्यांचे गिअरबॉक्स तपासते. बोटी नाही तपासत."

"मंग बोटीला काय गिअर नसतो व्हय?"

कप्पाळ! येते म्हणाले.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. चाकणच्या पुढे धरण आहे, आणि धरणाच्या पाण्यापलीकडे त्यांची वस्ती. रस्त्याने चाकणला यायचं तर सगळ्या पाण्याला वळसा घालावा लागतो, आणि तो रस्ताही पावसाळ्यात असून नसल्यासारखाच. म्हणून वस्तीतल्या घरांनी मिळून एका बंद पडलेल्या बोट क्लबची जुनी मोटरबोट विकत घेतली. ती आली त्या दिवसापासून मामाच चालवतात. दुधाच्या किटल्या, शाळेची मुलं, कंपन्यांत शिफ्टला जाणारे लोक, दवाखान्यात न्यायची बाई, सगळं त्या एका बोटीतून. मामांचं जुनं शेत त्याच पाण्याखाली गेलं. बोट मध्यावर आली की ते कधीकधी सहज म्हणायचे, "आता आपुन माज्या हिरीवर हाय." ऐकणारा कडेवरून पाण्यात डोकावून बघायचा. मामा मात्र आरामात तंबाखू मळत असायचे.

मामीने पुढचं सांगितलं ते ऐकून मात्र मी सरळ बसले. बोटीच्या आवाजाला बायका घाबरायला लागल्या होत्या. मुलांना बसवायला नको म्हणत होत्या. वस्तीच्या समितीने मामांना सांगितलं होतं, की संक्रांतीपर्यंत आवाज काढा, नाहीतर बोट दुसऱ्याच्या हातात देऊ. "बोट ग्येली तर ह्यो मानूस घरात बसून मरंल गं," मामी म्हणाली. ती कधी असं बोलत नाही.

माझं काम सांगते, म्हणजे मामीने मलाच का बोलावलं ते कळेल. आमच्या कारखान्यात लाइनच्या शेवटी जाड भिंतींची एक खोली आहे. प्रत्येक गिअरबॉक्स तिथे फिरवून बघतात. मशिन आलेख काढतं, पण शंका आली की शेवटचा निर्णय कानाचा असतो, आणि कित्येक वर्षं तो कान माझा आहे. लाइनवरची पोरं मला समोर ताई म्हणतात आणि पाठीमागे 'कान' म्हणतात. म्हणू देत. घरी याचा त्रासच होतो. पंख्याची कटकट, वरच्या फ्लॅटमधल्या वॉशिंग मशिनचा सुटलेला नट, सगळं डोक्यात शिरतं. नवऱ्याच्या स्कूटरचं बेअरिंग बोलतंय म्हणून मी त्याला बजावलं होतं. ऐकलं नाही. मग हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून ढकलत आणली. मी फक्त "बघ" म्हणाले. जरा मोठ्याने म्हणाले असेन.

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. गुरुवारी सकाळी मी पर्समध्ये लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर टाकला आणि धरणावर गेले.

बोट काठाला लागलेली. मामा आपल्या फाटक्या रेक्झिनच्या स्टुलावर, चपला बाजूला काढून ठेवलेल्या. ते बोट कायम अनवाणी चालवतात. मला बघून हसले. "आली का इन्स्पेक्टरीन! मामीनं चुगली केली न्हवं?"

"चुगली नाही मामा, तक्रार केलीय. फरक आहे."

"काय न्हाई गं. जुनं मशिन हाय. जरा बोलनारच."

बोटीचं काम समजायला सोपं आहे. इंजिन आत, मागच्या बाजूला झाकणाखाली. त्याची ताकद पाण्यातल्या पंख्यापर्यंत नेणारा गिअरचा डबा बाहेर, बोटीच्या मागे पाण्यात लटकलेला. त्याला ड्राइव्ह म्हणतात. मामांच्या उजव्या हाताला दोन दांडे, एक रेसचा आणि एक गिअरचा. गिअरचा दांडा पुढे केला की बोट पुढे, मधे न्यूट्रल, मागे ओढला की पंखा उलटा फिरतो. काठाला लागताना बोटीला ब्रेक नसतो, त्यामुळे रेस कमी करून, पंखा उलटा फिरवून थांबवायची. रेस दाखवणारा मीटर होता समोर, पण त्याचा काटा बोट आणली तेव्हापासूनच मेलेला. मामांना त्याची गरज नव्हती. ते कानाने चालवायचे. वस्तीत सगळ्यांना त्याचं कौतुक होतं, आणि मामांनाही.

मी आधी बोट बांधलेलीच ठेवून न्यूट्रलमध्ये रेस द्यायला सांगितलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला लावली. आमच्याकडचा कुठलाही मेकॅनिक हेच करतो. इंजिन म्हातारं होतं, पण धडधाकट होतं. ठोका एकसारखा. म्हणजे भानगड इंजिनात नव्हती.

मग दुधाच्या किटल्या घेऊन चार बायका बसल्या आणि आम्ही निघालो. गिअर पडला आणि मागून घुरघुर सुरू झाली. बोटीचा वेग वाढला की घुरघुर वाढायची, कमी झाला की उतरायची. डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, काही फरक नाही. मी फळीवर हात ठेवला तर हात झिणझिणला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "बगा ताई, असंच करतीय. लेकरं भ्यात्यात." आणि पलीकडचा काठ आला, मामांनी रेस कमी केली, गिअर मागे ओढला आणि 'खाडकन्' असा आवाज झाला, की मी जागेवरून उडाले. किटल्या हलल्या. बायकांनी कडा घट्ट धरल्या होत्या, त्यांना सवय असावी.

"मामा! हा आवाज!"

"कंचा?"

मला इतका राग आला. माणसाने किती हट्टी असावं! "कंचा काय, दुधाच्या किटल्या नाचल्या की!"

"लाट आली आसंल," मामा म्हणाले आणि दोर फेकायला उठले. पाणी आरशासारखं शांत होतं. मी मामीकडे बघितलं, मामी काठावर कंबरेवर हात ठेवून उभी होती आणि माझ्याकडे 'आता कळलं?' अशा नजरेने बघत होती.

दोन आवाज होते आणि दोन्ही ड्राइव्हमधले, एवढं मला समजलं. पण कळणं वेगळं आणि खोलणं वेगळं. खोलायला चाचा लागणार होते. चाचांचं चाकणच्या बाजारात गॅरेज आहे, पाण्याच्या पंपांची आणि डिझेल इंजिनांची कामं करतात. ही बोट आणली तेव्हा तिचं इंजिन त्यांनीच बसवलं होतं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "बेटा, बोट पाण्याबाहेर काढा, मी येतो. पाण्यात बसून मी काम करत नाही, माझी पाठ दुखते."

पुढच्या गुरुवारी वस्तीने ट्रॅक्टर लावून बोट काठावर ओढली. अर्धी वस्ती बघायला. चाचांनी पंख्याचा नट सोडला, पंखा ओढून काढला आणि खाली बसूनच राहिले. मग म्हणाले, "अरे भाऊ, हे काय?"

पंख्याच्या मागे शाफ्टवर नायलॉनचा दोरा गुंडाळला होता. थोडाथोडका नव्हे, चांगला मुठीएवढा गोळा. हिरवा, पिवळा, पांढरा, थरावर थर, घासून घासून एकजीव झालेला. चाचांनी ब्लेडने कापून एक थर सोडवला आणि त्यात वाळलेल्या झेंडूचे काळे देठ दिसले.

मामी पटकन म्हणाली, "आगं बया! दसऱ्याच्या माळा!"

खंडेनवमीला सगळीकडे यंत्रांची पूजा होते. आमच्या कंपनीतही प्रत्येक मशिनला हार असतो. पण शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मेंटेनन्सवाला गुपचूप कात्री घेऊन फिरतो. मामा दर वर्षी हार घालायचे तो नेमका पंख्याला, कारण त्यांच्या मते बोटीचा देव पंख्यात. आणि देवाला वाहिलेली माळ हाताने तोडायची नाही, म्हणून बोट तशीच पाण्यात घालायची. पूर्वी माळा सुती दोऱ्यात ओवायचे, ते कुजून जायचं. आता बाजारातला हार नायलॉनमध्ये येतो. तो कुजत नाही, तो पंख्याच्या मागे सरकतो आणि बसतो.

"पानीच घिऊन जातं म्हनून सोडायचो," मामा म्हणाले.

"पान्यानं न्हाई न्येलं, पंख्यानं न्येलं," मामी म्हणाली, आणि सगळी वस्ती खो खो हसली. मामाही हसले. चाचा म्हणाले, "माझ्या गॅरेजातपण पोरं हार घालतात, पण फिरत्या शाफ्टला नाही घालत, राव!"

दोऱ्याने तेलाचं सील कापलं होतं. तिथून पाणी आत शिरलेलं. चाचांनी खालचा स्क्रू काढला तर तेल दुधाच्या चहासारखं आलं. पाण्यामुळे आतलं बेअरिंग खराब झालेलं, हाताने फिरवलं तरी खरखर करत होतं. घुरघुर त्याचीच. आणि 'खाडकन्'चंही कारण सापडलं. पंखा सुलटा-उलटा फिरवणाऱ्या गिअरला मोठे दात असतात, ते एकमेकांत अडकतात. त्या दातांचे कोपरे झिजून गोल झाले होते, त्यामुळे ते नीट न अडकता एकमेकांवर आपटत होते. चाचांनी तो तुकडा माझ्या हातात दिला. मी अंगठा फिरवला. कोपरे गुळगुळीत.

"हे माळेनं झालं का चाचा?"

"नाही बेटा. हे रेस उतरायच्या आधी गिअर टाकला की होतं. जुनी बोट आहे, आधी कुणी चालवली असेल, काय माहीत." ते मामांकडे बघून म्हणाले नाहीत. मीही तेव्हा फारसा विचार केला नाही. क्लबवाल्यांच्या पोरांनी वाट लावली असेल, असंच मला वाटलं.

सील नवं, बेअरिंग नवं, गिअरचा तुकडा मुंबईच्या बाजारातून मागवलेला, जुना पण कोपरे धड असलेला. चाचांनी सगळं बसवलं आणि बोट पुन्हा पाण्यात गेली. त्या फेरीला समितीचा अध्यक्ष मुद्दाम बसला. तो वस्तीतलाच, चाकणला रात्रपाळीला जाणारा, भला माणूस. बोट निघाली आणि घुरघुर गायब. फळीवर हात ठेवला, झिणझिण नाही. पाणी कापल्याचा आवाज ऐकू यायला लागला. बायका म्हणाल्या, "आगं, कशी मऊ चाललीय!" अध्यक्षाने मला नमस्कार केला. मला, खोटं कशाला सांगू, फार भारी वाटलं. चाचा मागे मिशीत हसत बसले होते.

मग काठ आला. मामांनी रेस कमी केली, गिअर मागे ओढला.

खाडकन्.

पहिल्यापेक्षा मोठा. चांगलाच मोठा. पुढे बसलेली एक मुलगी रडायला लागली. अध्यक्षाने चाचांकडे बघितलं फक्त. चाचांचं तोंड उतरलं. "पार्ट चांगला होता," ते म्हणाले. "मी स्वतः बघून घेतला होता."

"चांगला होता तर वाजला कसा?" मी त्यांच्यावर खेकसले. वयाने बापासारखा माणूस, पण माझं तोंड आधी चालतं आणि डोकं मागाहून येतं. आणि मामा उठून म्हणाले, "झालं का न्हाई झ्याक? आता कायबी आवाज न्हाई."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. ते थट्टा करत नव्हते.

आमच्याकडे कामाची एक पद्धत आहे. पार्ट नापास झाला आणि त्यात काही दोष दिसेना, की पार्टला शिव्या द्यायच्या नाहीत. ज्या गेजने मोजलं ते गेज आधी तपासायला पाठवायचं. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. आणि दर वर्षी आम्हा आवाजाच्या खोलीतल्या लोकांचे कानही तपासतात, कारण तिथे गेज आम्हीच. हेडफोन घालून बसायचं, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी तिथे काठावर उभी राहून मामांकडे बघत होते. मी सगळं तपासलं होतं. इंजिन, बेअरिंग, सील, दात. ज्याच्या भरवशावर ती बोट चालत होती, ते तपासलंच नव्हतं.

लोक पांगल्यावर मी मामांना म्हणाले, "मामा, जरा बसा स्टुलावर. पुढे बघा. चाचा मागे इंजिनपाशी रेस वरखाली करतील. रेस उतरली की हात वर करा."

"ह्ये कशाला?"

"मीटर बसवायचाय, त्यासाठी."

खोटं बोलले. बोट काठाला बांधलेली, गिअर न्यूट्रल. चाचांनी रेस वाढवली, मग हळूहळू उतरवली. इंजिन शांत गुटुगुटु करायला लागलं, तरी मामांचा हात खाली. चाचांनी पुन्हा वाढवली. रेस भरपूर असताना मामांनी हात वर केला. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, परत. परत तसंच. मग मला दिसलं की मामा मान किंचित वळवून समोरच्या काचेत चाचांचा हात दिसतोय का ते बघताहेत. शाळेत शेजाऱ्याच्या पाटीत बघणारं पोर असतं ना, अगदी तसं. मी चाचांना खुणेने थांबवलं.

मग मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे मामा."

मामा वळले. माझ्याकडे न बघता आपल्या अनवाणी पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पायाला कळायचं गं पोरी. रेस कमी झाली की फळी थरथरायची थांबायची. मंग म्या गिअर टाकायचो. आता कायच कळत न्हाई. तुमी समदी थरथर काढून टाकली."

चाचा तिथून उठून गेले. त्यांना बिडी ओढायची होती म्हणे.

मला कुणावर चिडावं तेच समजेना. मामांचे कान कधीपासून गेले होते देव जाणे, आणि खराब झालेल्या बेअरिंगची थरथर पायांनी वाचत वाचत ते वस्ती इकडून तिकडे नेत होते. थरथर पुरेशी नेमकी नसायची, म्हणून दात झिजले. आणि आम्ही मोठ्या तोऱ्यात जाऊन तीच थरथर दुरुस्त केली. "मामीला माहितीये?" मी विचारलं.

"तिला वाटतं म्या तिचं मुद्दाम ऐकत न्हाई." ते जरासे हसले. "तसंबी व्हतंच."

"डॉक्टरला का नाही दाखवलं?"

"दाखीवलं आस्तं तर बोट काढली आस्ती न्हवं?"

मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मी भांडते. म्हणाले, "काही नाही काढत बोट! मीटर बसवू. काट्याकडे बघायचं आणि गिअर टाकायचा. कान लागतातच कशाला!" माझ्याच आवाजाने काठावरचे बगळे उडाले. मामांनी मात्र माझ्या ओठांकडे बघून मान हलवली.

चाचांनी मीटर बसवला. नवा, पांढऱ्या तबकडीचा, आणि कुठे आल्यावर गिअर टाकायचा तिथे लाल नेलपेंटची रेघ मारली. नेलपेंट माझं. पहिल्या फेरीला परत अध्यक्ष बसला. मामांनी रेस कमी केली, काटा रेघेपर्यंत उतरू दिला, गिअर मागे ओढला. टक्. एवढंच. बोट अलगद काठाला टेकली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष मामांना म्हणाला, "तात्या, आता संक्रांतीचा विषय संपला. बोट तुमचीच." मामांनी ते ऐकलं नसावं, पण त्याचं हसू बघून ते समजले. मामीने मला कडकडून मिठी मारली. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

मी परत चाकणला निघाले, त्या फेरीला मामांच्या मागेच बसले होते. संध्याकाळचा सूर्य समोर, पाण्यावर झळाळी. धरणावर मासे धरणारे लोक ट्रकच्या टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात, हातातल्या दोन फळ्यांनी वल्हवतात. असा एक माणूस समोर पाण्यात होता. झळाळीत तो मलाही उशिराच दिसला. तो दोन्ही फळ्या एकमेकींवर आपटत होता आणि ओरडत होता. मी "मामा!" म्हणून हाक मारली. मागून बायका ओरडल्या. मामा समोर बघतच नव्हते. त्यांचे डोळे मीटरच्या काट्यावर होते. आम्ही सांगितलं होतं ना, काट्याकडे बघायचं.

मी त्यांच्या अंगावरून झेप घेऊन स्टिअरिंग ओढलं. बोट कलली, एक किटली आडवी झाली, दूध फळीवर पसरलं. ट्यूबवाला आमच्या लाटेत गटांगळी खाऊन वर आला, ट्यूब पकडली आणि त्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याला काही झालं नव्हतं. इतक्या शिव्या मी आयुष्यात कधी एवढ्या आनंदाने ऐकल्या नाहीत.

मामांनी इंजिन बंद केलं. पाण्याच्या मध्यावर सगळं एकदम शांत झालं.

"तू हाक मारलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कवापासनं?"

ते मागे वळले, बायकांकडे बघितलं. "तुमीबी?"

बायका खाली बघत होत्या. शेवटी जिचं दूध सांडलं होतं ती म्हणाली, "समदीच वरडत व्हतो, तात्या." आणि ते त्यांना ऐकू जायचं नाही हे लक्षात येऊन तिने हाताने सगळ्यांकडे खूण केली. ती खूण मी विसरणार नाही. तिने ती इतक्या सवयीने केली, की माझ्या लक्षात आलं, हिला आधीपासून माहीत आहे. सगळ्यांनाच असणार. तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती, म्हणून मग बोटीच्या आवाजाचं बोलत होते.

मामांनी बोट परत वस्तीकडे वळवली. काठावर अध्यक्ष रात्रपाळीला जायला बोटीची वाट बघत थांबला होता. मामांनी बोट बांधली, त्यांच्या नेहमीच्या गाठीने, घाई न करता. चपला घातल्या. किल्ली बुडू नये म्हणून तिला प्लास्टिकची छोटी बाटली बांधलेली असते, ती किल्ली बाटलीसकट काढून अध्यक्षाच्या हातात ठेवली.

"बोटीचा आवाज ग्येला," मामा म्हणाले. "पार ग्येला. आता चालवनारा बदला."

"अहो तात्या, आवाज गेला ना, मग आमचं काही..."

"म्या सांगतोय न्हवं!"

तिथेच मला हुंदका फुटला. लोकांसमोर, चक्क भोकाड पसरलं. मामीला तेव्हा कुणीतरी काय झालं ते सांगितलं. तिने येऊन मामांच्या हातातली रिकामी पिशवी घेतली आणि त्यांच्या शेजारून, ते ज्या बाजूला बघत होते त्या बाजूने, चालायला लागली.

आता बोट वस्तीतलाच एक जण चालवतो, जो आधी कंपनीचा टेम्पो चालवायचा. मामांना मी पिंपरीच्या दवाखान्यात नेलं, कानाचं मशिन मिळालं. घरात चालतं. बोटीत वारा आणि इंजिन मिळून त्याचा नुसता कल्ला होतो म्हणून ते काढून खिशात ठेवतात. पण फेरीला रोज जातात. पुढे बसून दोर फेकायचं काम स्वतःहून घेतलंय. मी गुरुवारी गेले की माझ्यासाठी शेजारची जागा धरून ठेवतात.

काठ जवळ आला की ते मागे वळून चालवणाऱ्याच्या हाताकडे बघतात, आणि मग माझ्याकडे. "आवाज?"

"नाही मामा," मी सांगते. मान हलवूनही सांगते. मग ते दोर उचलतात.

मागच्या गुरुवारी चालवणारा मोबाइलवर कुणाशी तरी बोलत होता. काटा रेघेच्या वर असतानाच त्याने गिअर ओढला. खाडकन्. मामांनी माझ्याकडे बघितलं. "आवाज?"

एक क्षण मला वाटलं, नाही म्हणावं, जाऊ दे.

"आला मामा."

मामा उठून उभे राहिले. बहिरी माणसं ओरडतात तसं, सगळ्या धरणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "आरं, रेस खाली यिऊ दे की जरा! मानसं बसल्यात मागं!"

त्याने फोन खिशात टाकला. "व्हय तात्या," म्हणाला, आणि मामांना दिसावं म्हणून हात वर केला.